लिनक्स ग्रुपची दुसरी खेप

दोन किलो भडंग आणलं होतं, माणसं आली तीन. त्यातले एक वाचनालयाचे शिपाई. पंखे किती लावणार हे विचारायला ते वर आले होते आणि भडंग बघून बसले. दुसरे अण्णा, त्यांना मीच स्कूटरवर मागे बसवून आणलं होतं. तिसरा एक कोवळा मुलगा, त्याला हा स्पर्धा परीक्षेचा मोफत वर्ग वाटला होता. फेब्रुवारी २०२४ मधला रविवार, संध्याकाळचे सहा, सांगलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली. प्रोजेक्टर माझा, विषय माझा, पहिला प्रश्नही मलाच विचारावा लागला.

"कुणी लिनक्स वापरलंय का?"

मुलानं मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "लायनक्स म्हण. सांगलीत लायनक्स म्हणायची पद्धत होती."

पद्धत होती हे खरं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कंप्युटर चालवणारी फुकट, खुली प्रणाली. ती सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच्या आवाजात उच्चार सांगून ठेवला आहे आणि तो काही 'लायनक्स' म्हणत नाही. पण २००२ साली अण्णांच्या सायबर कॅफेत आवाजाची फाइल उतरवायची म्हणजे तासाचे पैसे मोजून नुसतं बसून राहायचं. तेवढ्या पैशात मिसळ यायची. आम्ही उच्चार चुकीचा ठेवला.

अण्णांचा कॅफे मारुती चौकाजवळ होता आणि आमचा ग्रुप म्हणजे खरं तर त्या कॅफेचं मागचं बाकडं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लिनक्स मिळायचं ते सीडीवर. तंत्रज्ञ अतुल चिटणीसांच्या पुढाकारानं 'पीसीक्वेस्ट' मासिकानं १९९६ पासून लिनक्सच्या सीड्या वाटायला सुरुवात केली होती, आणि तो अंक स्टॉलवर आला की आमच्यातला कुणीतरी एक घ्यायचा. बाकीचे कॉपी मारायचे. सातशे एमबीची सीडी मॉडेमवरून उतरवायची म्हटलं तर तीस तासांच्या वर लागायचे, तेही मध्ये फोन आला नाही तर. मग २००५ पासून 'उबुंटू' नावाचं लिनक्स बनवणारे मागेल त्याला टपालानं फुकट सीड्या पाठवायला लागले. नुसता पत्ता टाकायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी पाकीट घेऊन दारात हजर. आमचा पोस्टमन आईला विचारायचा, "पोरगं काय मागवतंय हो भायेरनं?" आईलाही माहीत नव्हतं.

त्या सीड्या अण्णा एका वहीत नोंदवून द्यायचे. तारीख, नाव, फोन नंबर, परत कधी. ग्रुपची घटना, सभासद यादी, इतिवृत्त, सगळं ती वहीच. अडीचशेच्या वर नावं असतील.

ग्रुप कधी संपला ते कुणालाच सांगता येणार नाही. भांडण झालं नाही, कुणी कुलूप लावलं नाही. घरोघरी ब्रॉडबँड आलं, २०११ मध्ये उबुंटूनं टपालाच्या सीड्या थांबवल्या, पोरं पुण्याला गेली. मीही गेलो, हिंजवडीला. सीडीसाठी एकत्र येत होतो, सीडी लागेनाशी झाली. इतकं साधं.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि २०२२ मध्ये मी सांगलीला परत आलो, घरूनच काम करायची मुभा घेऊन. अण्णांचा कॅफे आता झेरॉक्सचं दुकान झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा दुकान अख्खं पाण्याखाली होतं. २०२१ ला परत. मी भेटायला गेलो तर अण्णांनी माळ्यावरून एक गोणपाटाची पिशवी काढली. आत सीड्या. कव्हरं गेली होती, मार्करनं लिहिलेली नावं अर्धवट उरली होती, कडेला अजून चिखलाची रेघ.

"नळाखाली धुतल्या, दोरीवर वाळवल्या. निम्म्या चालतात," अण्णा म्हणाले.

"आणि वही?"

"वही गेली. शाईचं काय ऱ्हातंय?"

त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं की ग्रुप परत उभा करायचा. त्यामागे काही थोर विचार नव्हता. पुण्यात असताना दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या भेटीला जायची सवय होती आणि इथं सर्व्हरबद्दल बोलायला बायकोशिवाय कुणी नव्हतं. तिनंच शेवटी हात जोडले.

तर पहिली बैठक वर सांगितली तशी झाली. दुसरीला मी जास्त हुशारी केली. एका कॉलेजात गेलो. तिथं त्यांनी मोठ्या प्रेमानं हॉल दिला, फक्त अट घातली की प्रमाणपत्र द्यायचं. ऐंशी मुलं हजेरीसाठी बसवली. मी दीड तास कंटेनर आणि कर्नलच्या नेमस्पेसवर बोललो, पुण्यात टाळ्या घेतलेलं तेच सादरीकरण. पुढच्या दोन रांगांतली मुलं झोपली, मागच्या रांगांतली फोनवर होती, आणि शेवटी एकच प्रश्न आला: "सर, प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव येईल का?" पुढच्या महिन्यात वाचनालयात त्या ऐंशीतले दोघं आले. त्यातली एक पॉलिटेक्निकहून तिथं थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलगी, ती अजून येते. म्हणजे ऐंशीत एक. तेव्हा मला हा आकडा अपमानाचा वाटला होता.

चार-पाच महिने असेच गेले. मी विषय ठरवायचो, बोलायचो, भडंग उरायचं.

मग एका संध्याकाळी अण्णांचा फोन. "जिल्हा परिषद शाळेच्या एक मॅडम आल्यात प्रश्नपत्रिका झेरॉक्सला. शाळेत अकरा कंप्युटर आहेत म्हणतात, सगळे बंद. रविवारी जाऊन बघू. बोलायची तयारी करू नको, स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये."

शाळा तासगाव तालुक्यात, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. आम्ही पाच जण गेलो. मी, अण्णा, ती कॉलेजची मुलगी, शिपाईमामा (त्यांना ट्रिपचा मोह झाला), आणि मिरजेचा एक तरुण. याची ओळख जरा सविस्तर करून द्यायला हवी. त्याचं घराणं सतारी बनवणारं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, परदेशातून विचारणा वाढली आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं की वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. याच्याकडे जुना पीसी आणि एक माईक. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते विचारायला तो बैठकीला आला होता. रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज यायचा. मी दोन बैठका ड्रायव्हर आणि बफरच्या सेटिंग शोधत होतो. शेवटी त्यानंच कान लावून सांगितलं, "दादा, हे सॉफ्टवेअरचं नव्हं, अर्थिंगचं हाय." घरचं अर्थिंग नीट केलं, आवाज गेला. तेव्हापासून मशीन उघडायचं असलं की आम्ही त्याला पुढं करतो.

शाळेतली अकरा मशीन उघडली. चारात पालीची अंडी, एकात चक्क उंदराचं घरटं. याची रॅम त्याला, त्याची हार्ड डिस्क याला असं करत अकरांची सात झाली. पाचांवर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसली. उरलेली दोन इतकी जुनी की ३२ बिट या जुन्या पद्धतीच्या पुढं जाईनात, आणि मुख्य मिंटनं २०२० पासूनच ३२ बिट बंद केलेलं. त्यांच्यावर डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली मिंट टाकली.

आणि मग सातही मशीन इंटरनेटला जाईनात. म्हणजे जोडली जात होती, पण ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणे आणि अपडेट म्हणे की ही फाइल अजून वैध झालेली नाही. 'अजून' नाही! मी मोबाइलच्या हॉटस्पॉटला शिव्या घातल्या, डीएनएस बदलला, एक मशीन परत फॉरमॅट मारलं. दुपारचे दोन वाजले. मॅडमनी पिठलं-भाकरी आणली होती ती गार झाली. शेवटी कॉलेजची मुलगी म्हणाली, "सर, यात आज २००९ चालू आहे."

मदरबोर्डवरचे बटणसेल मेलेले. वीज गेली की घड्याळ मागे जायचं, आणि २००९ मध्ये बसलेल्या मशीनला साइटचं २०२४ चं सुरक्षा प्रमाणपत्र भविष्यातलं वाटणारच. सीआर २०३२ नावाचा सेल, घड्याळजीकडं मिळतो. शिपाईमामा गावातल्या एकमेव घड्याळवाल्याकडून होते तेवढे सगळे घेऊन आले. बारा वर्षं मी सर्व्हर सांभाळतो, पण आमचे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये असतात, तिथं सेल मरत नाहीत. मरत असले तरी मला कुणी सांगत नाही.

संध्याकाळी टक्स पेंट हे लहान मुलांचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि वस्तीवरची पोरं खिडकीतून आत आली, अक्षरशः.

मॅडमनी निघताना जे सांगितलं त्यावर माझा पुढचा सगळा मार्ग बदलला. आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाल्या, "हे तुम्ही करून दिलंत. बिघडलं की परत तुम्हालाच फोन? मला शिकवा. आणि तुमची ती बैठक संध्याकाळी सहाला असते, तेव्हा मी स्वयंपाक करते. सकाळी ठेवा."

वीस वर्षांत कुठल्याही ग्रुपमध्ये ही गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही बैठक रविवारी सकाळी दहाला नेली, लहान मुलांना आणायची मुभा दिली, आणि तीन महिन्यांत खोलीत निम्म्या बायका झाल्या. विषय ठरवणं मी बंद केलं. आपापलं काम घेऊन या, एवढंच. एकाला बायोडेटा बनवायचा, एकाला भावकीच्या जमिनीचे कागद स्कॅन करून एक पीडीएफ करायची, मॅडमना 'दुसऱ्या' हा शब्द लिहायचा. तो अर्धा र त्यांना कुठंच सापडत नव्हता, प्रत्येक वेळी 'दुसर्‍या'चं काहीतरी भलतंच व्हायचं. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. टाइपरायटरवर हात बसलेले वाचनालयाचे लेखनिक हे लांबून बघत होते. पुढच्या रविवारी कीबोर्डवर कागदाची लेबलं चिकटवून स्वतःच बसले.

म्हणजे आता मिळत नाही ती गोष्ट सीडी नाही. सगळं फोनवर आहे, व्हिडिओ हजार आहेत. पण आपलं मशीन समोर ठेवून शेजारी दोन तास न कंटाळता बसणारा माणूस सांगलीत पैसे देऊनही मिळत नाही. दुकानात नेलं तर 'फॉरमॅट मारून देतो' यापलीकडं उत्तर नसतं.

फॉरमॅट. हा विषय टाळता येणार नाही.

मे २०२५ मध्ये एका लग्नाच्या फोटोग्राफरचा लॅपटॉप माझ्यासमोर होता. सहा जण गराडा घालून, मी बोलत बोलत पुढं चाललेलो. इन्स्टॉलरनं विचारलं, विंडोजशेजारी टाकू की सगळी डिस्क पुसू? मी पुसू दाबलं. त्याचा फोटोंचा डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर होता हे त्यानं आधी सांगितलं होतं आणि मी 'हो हो' म्हटलं होतं. फोटोरेक नावाचं साधन असं पुसलेलं बरंचसं परत काढतं, पण फाइलींची नावं आणि फोल्डर परत देत नाही. तीन रात्री बसून चौदा हजारांच्या आसपास फोटो मिळाले, एफ आणि पुढं आकडे अशा नावांचे, पाच लग्नं एकमेकांत मिसळलेली. कुठला नवरा कुठल्या नवरीचा हे त्यालाच ओळखावं लागलं. तो ओरडला नाही. परत आलाही नाही. एखाद्या लग्नात दिसला तर गुपचूप माझा फोटो काढतो आणि पुढं जातो.

त्यानंतर खोलीच्या भिंतीवर कॉलेजच्या मुलीनं कार्डशीट लावलं: बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आहे का, तो उघडून बघितला का, मशीनच्या मालकानं स्वतः बघितला का. आणि पुसायचं बटण दाबायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं 'हो' म्हणायचं. मला तिनं सहा महिने ते बटण दाबू दिलं नाही. बरोबर केलं.

सप्टेंबरपर्यंत गावात एक आवई उठली होती की १४ ऑक्टोबरला जुने कंप्युटर बंद पडणार. बंद वगैरे काही पडणार नव्हतं. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट मिळायचे थांबणार होते, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण २०१८ च्या आधीच्या मशीनवर चढत नाही. पण विकणाऱ्यांनी भीती विकली. आम्ही ठरवलं, एक दिवस मोठा करू. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर फ्रीडम डे म्हणून पाळतात, तो त्या वर्षी २० तारखेला येत होता. अण्णांनी कॅलेंडर बघितलं.

"पितृपक्ष हाय. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. नवीन कायतरी सुरू करायला कोण येणार?"

मॅडम म्हणाल्या, "नवीन कुठं आहे? जुनंच दुरुस्त करतोय. आणि पितृपक्षात हॉल स्वस्तात मिळतो."

हॉल खरोखरच निम्म्या भाड्यात मिळाला. एकतीस मशीन आली. पाचांत विंडोज ११ चालण्यासारखं होतं, त्यांना तेच करा म्हणून सांगितलं. तिघांच्या डिस्क मेल्या होत्या. चौघांना आम्ही तसंच परत पाठवलं, कारण त्यांचं सगळं काम टॅलीवर आणि डिजिटल सहीच्या टोकनवर. त्यांना लिनक्स देऊन मी फक्त माझा आकडा वाढवला असता. पुढचं वर्षभर अपडेट कसे चालू ठेवता येतील ते त्यांना लिहून दिलं. उरलेल्या एकोणिसांवर लिनक्स चढलं. परत पाठवलेल्यांत एका सीएच्या ऑफिसातला मुलगा होता. त्याच्या सांगण्यावरून नंतर सहा जण आले, एवढं जाहिरातीनं कधी आले नव्हते.

वादही झाला. आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर काका आहेत, त्यांच्या मते ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, दिसत नाही तो ड्रायव्हर टाकणं म्हणजे मागच्या दारानं गुलामी. एका लॅपटॉपचं वायफाय तशाच ड्रायव्हरशिवाय चालेना. काका म्हणाले, नको टाकू. मी म्हणालो, वायफायच नाही तर हा माणूस स्वातंत्र्य घेऊन घरी जाऊन काय करेल? दोघं चांगलेच तापलो, भर हॉलमध्ये. पुढच्या बैठकीला काका एआर ९२७१ चिपचे चार छोटे यूएसबी वायफाय घेऊन आले, ज्यांचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्रॅमसुद्धा खुला आहे. स्वतःच्या पैशानं. "आता बोल," म्हणाले. मी काय बोलणार.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात असतो तो छोटा काळा लेझर प्रिंटर. अण्णांकडेही तोच. चालतो, दोन पानं काढतो, आणि मग रुसून बसतो. मुलगी तीन रविवार त्याचे लॉग वाचत बसली आहे. अण्णांचं एक मशीन त्यामुळं अजून विंडोजवर आहे आणि ते मला मुद्दाम दिसेल असं ठेवतात.

खोलीची किल्ली आता त्या मुलीकडं असते. मागच्या रविवारी वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मी अकराला पोचलो. खुर्च्या संपल्या होत्या, तर जिन्यात बसलो. दारापाशी अण्णा टेबल मांडून बसले होते, समोर नवी कोरी वही. आलेल्या प्रत्येकाकडून तारीख, नाव, फोन नंबर, काय काम आहे. एका मुलानं खिशातून पेन काढला तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि कानावरची शिसपेन्सिल काढून दिली.

"हिनं लिही."